ही आमची आई न्हाई

मेलेल्या माणसाचा फोटो करायला जिवंत माणसाच्या फोटोपेक्षा जास्त वेळ लागतो. जिवंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, हनुवटी जरा खाली घ्या म्हटलं की जास्तच खाली घेतं, दोनदा फ्लॅश उडतो आणि चहा येईपर्यंत आठ पासपोर्ट कापून तयार. गेलेल्या माणसासाठी घरची तीन-चार माणसं एकदम येतात आणि प्रत्येकाच्या मनातला चेहरा निराळा असतो. काउंटरवर आधार कार्डाची झेरॉक्स पडते. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रूप फोटो, ज्यात हवी असलेली बाई मागच्या रांगेत पदर पुढे ओढून कुणाच्या तरी फेट्याआड उभी असते. "ह्यातनं काढा," म्हणतात. बारा बाय पंधरा, फ्रेमसकट, आणि दहाव्याच्या आत.

आमचा स्टुडिओ सांगली जिल्ह्यातल्या विट्यात आहे. हा मुलूख गलाईवाल्यांचा. पाऊस भरवशाचा नाही, जमीन माळाची, म्हणून खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या लावून बसली. त्यामुळे आमच्याकडे माणूस गेलेलं असतं इथल्या वाडीवस्तीवर आणि त्याचा एकमेव फोटो असतो त्रिशूर नाहीतर कोइमतूरला राहणाऱ्या नातवाच्या मोबाइलमध्ये. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. आठ ठिकाणी फॉरवर्ड होऊन आलेला असल्यानं त्यातले डोळे म्हणजे दोन करडे चौकोन उरलेले असतात. त्या चौकोनांतून आजी काढायची.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते मास्तर निगेटिव्हच्या मंद बाजूवर टोकदार शिसपेन्सिलीनं टचिंग करायचे. ब्रोमाइड कागदावर एनलार्जमेंट काढायची, मग ब्रशनं फिनिशिंग. पूर्वी बऱ्याच घरांत फोटो काढायचा तो माणूस गेल्यावरच, भिंतीला टेकवून बसवून. त्या फोटोतले मिटलेले डोळे मास्तर ब्रशनं उघडत. मी आलो तोवर कॉम्प्युटर आला होता. आमच्याकडे कपड्यांच्या फाइली असतात: नेहरू शर्ट आणि टोपी, कोट, फेट्यांचे पाच-सात प्रकार, नऊवारी, सहावारी. मान जुळवायची, कातडीचा रंग मिळवायचा, मागे निळा पडदा टाकायचा. हे सगळं तासा-दीड तासात होतं. खरं काम पुढे सुरू होतं. नाक तेच असतं, कपाळ तेच, कानातली बुगडीसुद्धा तीच, आणि पडद्याकडे बघत थोरली मुलगी म्हणते, "ही आमची आई न्हाई."

का नाही, हे तिला सांगता येत नाही. मलाही विचारता येत नाही. मग मी ओठाचं टोक केसभर वर करतो, ती मान हलवते. भुवई थोडी खाली घेतो, ती म्हणते जवळ आलं. कधीतरी एकदम, मी काही विशेष न करता, ती पदर तोंडाला लावते आणि मला कळतं, झाला फोटो.

या धंद्यातून उठून मी गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, फोटोग्राफी डिझाइनच्या एम.डेस.ला गेलो, तेव्हा तिशी ओलांडलेली होती. घरच्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. फोटो काढता येतो की, मग आता शिकायचं काय? त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मोबाइलनं स्टुडिओचं निम्मं काम गिळलं होतं हे एक कारण. दुसरं असं, की त्या "न्हाई" चा अर्थ कुणीतरी समजावून सांगावा असं मला मनापासून वाटत होतं. एवढ्या मोठ्या संस्थेत ते कुणाला तरी ठाऊक असणार.

फोटोग्राफी शिकायला बाहेर पडलेला आपल्याकडचा मी काही पहिला नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता आणि हरिश्चंद्र चिंतामण त्यातूनच बाहेर पडले. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी त्याच्याही आधीची, १८५४ची. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथे आपले फोटो मांडत. हे सगळं मला गांधीनगरच्या ग्रंथालयात समजलं. विट्यात राहून समजलं नसतं, हे कबूल करायला हवं.

पहिल्या सत्रात एका अनोळखी माणसाचं पोर्ट्रेट करून आणायला सांगितलं. मी कॅम्पसबाहेरच्या चहावाल्याला स्टूल दिलं, खांदा थोडा तिरका करायला लावला, हनुवटी खाली, नजर इकडे. वर्गात फोटो लागल्यावर हशा पिकला. दुष्टपणानं नव्हे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान पोरं होती ती, आणि त्यांना तो फोटो रेशनकार्डावरचा वाटला. शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही त्याला बसवलंत. त्याला बसू द्यायचं होतं." पुढची दोन सत्रं मी माणसांना बसू देण्यात घालवली. ती विद्या मोठी आहे. समोरचा कंटाळेपर्यंत थांबायचं, बोलणं संपू द्यायचं, हात कुठे ठेवू हा प्रश्न त्याला पडू द्यायचा. मग त्याचा चेहरा ढिला पडतो, आणि ते क्षणभर जे दिसतं तेच खरं, असं आम्ही सगळे मानत होतो.

या मानण्यामागे एक मोठा समज आहे. माणसाचा खरा चेहरा आत असतो, पोज हे त्यावरचं झाकण, आणि फोटोग्राफर म्हणजे ते झाकण काढणारा. रिचर्ड अ‍ॅव्हेडॉनचं 'इन द अमेरिकन वेस्ट' हे फोटोंचं पुस्तक आमच्या वर्गात पोथीसारखं उघडलं जायचं. १९७९ ते १९८४ या काळात तो उन्हाळ्या-उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत फिरला. खाणकामगार, ट्रकवाले, भटके, कत्तलखान्यातले कामगार यांना पांढऱ्या कागदापुढे सावलीत उभं केलं. आठ बाय दहा इंचांचा मोठा कॅमेरा, आणि हा कॅमेऱ्यामागे नव्हे, त्याच्या शेजारी उभा. सातशे बावन्न माणसं, सतरा हजारांच्या आसपास फिल्मा. प्रदर्शन १९८५ साली टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या एमन कार्टर म्युझियममध्ये लागलं, माणसाहून मोठ्या आकाराचे प्रिंट. मी त्या फोटोंपुढे थक्क होतो, आजही होतो. त्या पांढऱ्या कागदानं माणसाचं घर, गाव, शेजार, सगळं काढून घेतलेलं आहे आणि तरी तो माणूस उभा आहे.

पण त्यातला एक फोटो माझ्या मनात अडकला. उघड्या अंगाचा, पूर्ण टक्कल असलेला एक माणूस आणि त्याच्या अंगावर चढलेल्या मधमाश्या. वाटतं, हा पश्चिमेकडच्या कुठल्या तरी रानातला मधपाळ असणार. तो होता शिकागोजवळचा, बँकेत काम करणारा, हौसेनं माश्या पाळणारा. अ‍ॅव्हेडॉनला असा फोटो करायचा हे आधीच सुचलेलं होतं; मधपाळांच्या मासिकात जाहिरात देऊन त्यानं माणूस शोधला, आणि माश्या बसाव्यात म्हणून त्याच्या अंगाला राणीमाशीच्या वासाचं द्रव्य लावलं. म्हणजे तिथेही बसवलेलंच होतं की! फक्त बसवणाऱ्याच्या मनातलं चित्र होतं, बसणाऱ्याच्या मनातलं नव्हे. अ‍ॅव्हेडॉननं हे लपवलं नाही. आपला पश्चिम हा कल्पनेतला आहे असं तो स्वतःच म्हणायचा. लपवलं ते आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी, स्वतःपासून.

तेव्हापासून मी प्रत्येक थोर पोर्ट्रेटपुढे एक बाळबोध प्रश्न घेऊन उभा राहू लागलो. हा फोटो कुणासाठी काढला? आणि त्या माणसाच्या घरच्यांनी तो पाहिला असता तर त्यांनी काय म्हटलं असतं?

मुंबईतच राहणाऱ्या विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरनं १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे. माणसं एका ठिकाणी टिपलेली, मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, आणि दोन्ही जोडून एक फोटो. माझा निळा पडदाच की हा! मला त्या जोडकामाचं काही वाईट वाटलं नाही. उलट शाबासकी द्यावीशी वाटली. कात्रीचं काम सफाईदार आहे. वाईट वाटलं ते खालच्या ओळी वाचून. तिथे जात आहे, धंदा आहे, माणसाचं नाव नाही. पुढे १८६८ ते १८७५ मध्ये सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' चे आठ खंड काढले, साडेचारशेहून जास्त फोटोंचे. त्यातही बहुतेक ठिकाणी तसंच. ज्या मुलीला पडद्याकडे बघून "ही आमची आई न्हाई" म्हणता आलं असतं, तिच्या हातात ते खंड जाणारच नव्हते. म्हणून त्यांतला एकही फोटो नापास होऊ शकला नाही.

माझ्या प्रश्नाला टिकलेला माणूस ऑगस्ट झांडर. कलोनमध्ये स्टुडिओ चालवणारा जर्मन फोटोग्राफर, खाणीतल्या सुताराचा मुलगा. त्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते ती आधी धंदेवाईक म्हणून. स्टुडिओत गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं, म्हणून तो सायकलवर कॅमेरा लादून वेस्टरवाल्डच्या खेड्यांत जायचा आणि शेतकऱ्यांचे कुटुंबाचे फोटो काढून द्यायचा. ते फोटो त्यांच्या भिंतीवर लागले. त्याच फोटोंतून त्याला कल्पना सुचली, की आपल्या काळातल्या सगळ्या थरांतल्या माणसांचा एक संग्रह करावा. त्या संग्रहाच्या मुळाशी त्यानं त्याच शेतकऱ्यांचे बारा फोटो ठेवले. पैसे देऊन, इस्त्रीचे कपडे घालून, आपल्याला हवं तसं बसलेल्या गिऱ्हाइकांचे.

त्याचा १९१४चा तीन तरुणांचा फोटो जगभर गाजला आहे. काळे सूट, हॅटा, काठ्या, चिखलाच्या वाटेवरून नाचाला निघालेले तिघं. नाव आहे 'तरुण शेतकरी'. पुढे अभ्यासकांनी शोधून काढलं, की ते शेतकरी नव्हतेच, तिथल्या लोखंडाच्या खाणीत कामाला होते. झांडरच्या वर्गवारीची फजितीच ही. पण गंमत बघा, फोटोला त्यानं काही धक्का बसत नाही. कारण त्या दिवशी त्या पोरांनी स्वतःला जसं दाखवायचं ठरवलं होतं तसं ते दिसताहेत, आणि नाव चुकलं तरी ते ठरवणं खरंच आहे. एकाच्या ओठांत सिगारेट आहे, हॅट कपाळावर तिरकी आहे. गावच्या जत्रेला निघालेली आमची पोरं अशीच उभी राहतात.

१९२९ साली त्यानं साठ फोटोंचं पुस्तक काढलं. नाझी सरकारनं १९३६ मध्ये त्या पुस्तकाच्या प्लेटा नष्ट केल्या. त्यांना हवे तसे जर्मन चेहरे त्यात नव्हते. पुढे काही वर्षांनी ज्यू माणसं त्याच्या स्टुडिओत येऊ लागली. त्यांना देश सोडायचा होता आणि कागदपत्रांना फोटो लागत होते. साधे ओळखपत्राचे फोटो. युद्धानंतर झांडरनं तेच फोटो आपल्या संग्रहात घेतले आणि त्या भागाला 'छळ झालेले' असं नाव दिलं. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कॅम्पसवर रात्र झाली होती आणि मला आमच्या दुकानातली पासपोर्टची ट्रे आठवली. किती चेहरे आम्ही त्या ट्रेमधून कापून दिले, आणि उरलेले दोन-दोन फोटो महिन्याच्या शेवटी केरात झाडले!

झांडरचा थोरला मुलगा एरिच डाव्या चळवळीतला. त्याला १९३४ मध्ये पकडून दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सुटकेला थोडे महिने उरलेले असताना १९४४ मध्ये तो तुरुंगातच आजाराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेला. बापानं त्याच्या चेहऱ्याचा मृत्युमुखवटा करवून घेतला आणि त्याचा फोटो काढला. तो फोटो संग्रहाच्या अगदी शेवटच्या भागात आहे. ज्या माणसानं शेकडो लोकांना त्यांच्या धंद्यानुसार, थरानुसार ओळीत मांडलं, त्याला स्वतःच्या मुलाला कुठे ठेवावं हा प्रश्न पडला असेल का? त्यानं ठेवला, 'अखेरची माणसं' या भागात. मी इतक्या मयतांचे फोटो केलेले, तरी त्या पानावर बराच वेळ थांबलो.

रोलां बार्त या फ्रेंच लेखकाचं फोटोग्राफीवरचं पुस्तक तिथे सगळ्यांना वाचावं लागतं. आईच्या मृत्यूनंतर तो तिचे फोटो चाळत बसतो आणि एकाही फोटोत त्याला ती सापडत नाही. शेवटी सापडते ती पाच वर्षांची असतानाच्या फोटोत, म्हणजे त्यानं कधीच न पाहिलेल्या वयात. आणि तो फोटो तो पुस्तकात छापतच नाही. तुमच्या दृष्टीनं ती कुठलीही एक मुलगी, म्हणून. वर्गात यावर तासभर गहन चर्चा झाली. मी गप्प होतो. मनात म्हटलं, हा माणूस आमच्या काउंटरवर रोज येतो.

आमच्याच संस्थेत, अहमदाबादच्या जुन्या कॅम्पसवर, ऐंशीच्या दशकात फोटोग्राफर दयानिता सिंग शिकल्या. १९८९ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतल्या हिजड्यांचे फोटो काढताना त्यांना मोना अहमद भेटल्या. मोनांनी फोटो काढू दिले; पण ते लंडनला छापले जाणार हे कळल्यावर त्यांनी रोल परत मागितला, कारण त्यांचे नातेवाईक तिकडे होते. दयानितांनी रोल देऊन टाकला. काम गेलं. त्यातून झालेली मैत्री मात्र मोनांच्या मृत्यूपर्यंत, २०१७ पर्यंत टिकली. २००१ साली 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक आलं, त्यातला मजकूर मोनांच्या ईमेलांचा आहे. बाकी सगळं विसरलो तरी तो परत केलेला रोल मी विसरणार नाही. पोर्ट्रेटच्या इतिहासात न छापलेल्या फोटोंचा एक भाग असला पाहिजे, असं मला वाटतं.

पदवीच्या प्रोजेक्टसाठी मी घरी परतलो. विषय होता भिंतीवरचे फोटो. खानापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जायचं, बैठकीच्या खोलीत दाराच्या वर किंवा दक्षिणेच्या भिंतीवर टांगलेल्या फ्रेमा बघायच्या, आणि घरच्यांना त्या फोटोखाली बसवून त्यांच्याकडून ऐकायचं, तो कसा झाला. लोक आधी फोटोबद्दल बोलत नाहीत, माणसाबद्दल बोलतात. मग हळूहळू तक्रारी निघतात. कोट कधी घातलाच नव्हता त्यांनी. फेटा आमच्या बाजूचा न्हाई. आई गोरी नव्हती, पोरांनी गोरी करून आणली. एका म्हाताऱ्यानं वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवून सांगितलं, की हे डोळे चुलत्याचे आहेत. वडिलांचा डोळे उघडे असलेला फोटो नव्हता, म्हणून चुलत्याला स्टुडिओत नेऊन बसवलं होतं. साठ वर्षं त्या घरानं त्या डोळ्यांना नमस्कार केला. त्याला त्यात काही खोटं वाटत नव्हतं. "भाऊच की त्यो," म्हणाला.

आधार कार्डानं या भिंतींवर फार मोठा फरक पडला आहे. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर ज्या बायकांनी जन्मात कॅमेऱ्यापुढे उभं राहणं टाळलं, फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं ज्यांना वाटायचं, त्यांनाही शाळेच्या खोलीत वेबकॅमपुढे बसावं लागलं. घाबरलेल्या, डोळे विस्फारलेल्या, वरून ट्यूबलाइट. त्यांच्या मागे उरलेला तोच एक चेहरा. गावोगावच्या स्टुडिओंत आज तो चेहरा शांत करायचं काम चालतं. मला वाटतं, या घडीला आपल्याकडचा पोर्ट्रेटचा सर्वात मोठा उद्योग हाच असावा, आणि त्यावर कुठल्या गॅलरीत कधी प्रदर्शन लागेल असं दिसत नाही.

त्या कामातलं एक प्रकरण अजून पुरतं उलगडलेलं नाही. एका वाडीवरच्या बहीण-भावांना आई-वडिलांचा जॉइंट फोटो हवा होता. वडील पस्तिशीत गेले, परराज्यात, भट्टीवर. आई पुढे चाळीस वर्षं राहिली आणि नुकतीच गेली. वडिलांचा फोटो होता कोवळ्या मिशांचा, आईचा आधारवरचा. शेजारी-शेजारी लावले तर ती त्यांची आई दिसत होती. अशा वेळी दोन वाटा असतात. नवऱ्याला म्हातारा करायचा, नाहीतर बायकोला तरुण. पहिल्या वाटेनं गेलं तर असा माणूस तयार होतो जो कधी जगलाच नाही. दुसरीनं गेलं तर मुलांना आईच ओळखू येत नाही. आम्ही नेहमी मधली काढतो: तिच्या सुरकुत्या थोड्या कमी, त्याच्या कानशिलावर थोडे पांढरे.

वयावर त्यांचं एकमत झालं. अडलं ते कुंकवावर. भाऊ म्हणाला, "कुंकू लावा. शेजारी दादा हायेत की." बहीण उसळली. "चाळीस वर्सं मोकळ्या कपाळानं तिनं गुरं राखली, तुझी शाळा केली. ते तू एका फोटूत पुसणार व्हय?" भाऊ म्हणाला, तिला हौस होती. बहीण म्हणाली, हौस होती तेव्हा कुणी लावू दिलं नाही, आता कशाला? मी मॉनिटरपुढे माउस धरून बसलेला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो पेपरात वाचल्याचं भावानं सांगितलं. बहीण म्हणाली, ठराव जित्या बायकांसाठी हाय. शेवटी दोन फोटो झाले, एक कुंकू असलेला, एक नसलेला, आणि दोन घरांत लागले.

मी ते दोन्ही प्रोजेक्टच्या ज्यूरीला शेजारी-शेजारी लावले. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात? तुमची दृष्टी कुठे दिसते?" प्रश्न रास्त होता. संस्थेत आम्हाला तेच शिकवलं होतं आणि ते शिकलो म्हणून माझं काम सुधारलं. मी आता प्रकाश बघतो, दोन फोटोंमधली मोकळी जागा बघतो. तरी मी म्हणालो, की या कामात मी दिसलो तर फोटो परत येतो. हसले सगळे. गुण बरे पडले. पण माझं उत्तर विनोद म्हणून घेतलं गेलं याची थोडी चुटपुट लागली. फोटोग्राफर माणसाच्या आत शिरून आत्मा बाहेर काढतो या बोलण्यावरचा माझा विश्वास त्याच सुमारास उडाला. आत शिरायला मी कोण? एक चेहरा माणसानं स्वतः ठरवलेला असतो, दुसरा त्याच्याबरोबर जगलेल्यांच्या डोळ्यांत असतो. या दोघांच्या भांडणात मी मध्ये बसतो, माउस माझ्या हातात असतो, एवढंच.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. मी तिथे नाटकाआधी लवकर पोचलो की लोकांकडे बघत थांबतो. कुणीच विचारत नाही, यातले खरे बालगंधर्व कोणते. पोज म्हणजे खोटेपणा हे आमच्या वर्गातलं सूत्र त्या दोन चित्रांपुढे टिकत नाही.

हल्ली नवी मागणी आली आहे. मायहेरिटेज कंपनीनं २०२१ मध्ये जुन्या फोटोतला चेहरा हलवून दाखवणारं तंत्र आणलं. आता तसली अ‍ॅपं खंडीभर झाली आहेत. गेलेला माणूस मान वळवतो, पापण्या मिटतो, हसतो. "तसलं करून द्या," म्हणून एक जण आपल्या मावशीचा फोटो घेऊन आला. करून दिलं. मावशी हसली. त्याच्याबरोबर आलेल्या त्याच्या आईनं एकदा पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. "माझी भण अशी हसत नव्हती. ती तोंडावर हात धरून हसायची." अ‍ॅपला तो हात कुठून ठाऊक असणार? ग्रूप फोटोत तो कधी आलाच नव्हता.

आणि मध्यंतरी एक आजी स्वतःच आली. एसटीनं, नातीला घेऊन, जरीकाठाचं लुगडं नेसून, गळ्यात बोरमाळ. बाकावर टेकायच्या आधीच म्हणाली, "माझा फोटू काढ. मेल्यावरचा." पोरांच्या हातात दिलं तर ती आधारवरचा लावतील, याची तिला खात्री होती. मी लाइट लावले. शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून तिला बसू दिलं, बोलतं केलं, वाट पाहिली. नात मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, तिच्यावर आजी एकदम खेकसली आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं. सुंदर फोटो आला. मान वळलेली, डोळ्यांत जाळ, बोरमाळ हललेली. मग तिला हवा तसाही काढला: ताठ, हात मांडीवर, नजर समोर.

दोन्ही स्क्रीनवर दाखवले. पहिल्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही नीट. "ह्यो तुझ्या कालिजाला दे. माझ्या भितीला त्यो." मग ताठ फोटोतल्या ओठांकडे बोट नेऊन म्हणाली, तोंड जरा बारीक दिसतंय, दात घालून पुन्हा काढ. दात पिशवीत होते. घातले, काढला, पसंत पडला. पावती करताना अ‍ॅडव्हान्सचा विषय निघाला.

"निम्मं आत्ता घे, निम्मं पोरगा दील," म्हणाली. "आन्‌ काच चांगली बसव. आमच्या धाकल्या जावंच्या फोटूत गेल्या पावसाळ्यात पानी शिरलंय."